ताटाकडून स्वयंपाकघराकडे : विद्यार्थी आणि अन्नाची नासाडी

अमेरिका १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली आणि युरोपातल्या दोस्त राष्ट्रांना धान्य पुरवण्याचं काम तिच्या अंगावर आलं. तिथल्या अन्न प्रशासनाची सूत्रं हर्बर्ट हूवर यांच्याकडे होती. सक्तीपेक्षा आवाहनावर त्यांचा भर होता, आणि ते आवाहन थेट शाळेच्या वर्गांपर्यंत पोहोचलं. ताटात कणभरही टाकणार नाही, अधल्यामधल्या वेळी खाणार नाही, अशी प्रतिज्ञा मुलं करू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पुन्हा टंचाई आली, तेव्हा १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या कारकिर्दीत शाळाशाळांतून ‘क्लीन प्लेट क्लब’ निघाले.

या मोहिमांमध्ये मुलं होती, पण ठरवणारी मोठी माणसं होती. किती वाढायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं आणि संपवायचं मात्र मुलानं, ही वाटणी मला कधीच पटलेली नाही. पोट भरल्यावर बळंबळं गिळलेला घासही वायाच जातो, फक्त तो कुणी मोजत नाही.

शिवाय सगळं लक्ष उष्ट्यावर राहिलं. शिजवलेलं पण कुणाच्या ताटात गेलंच नाही असं अन्न मोठ्या स्वयंपाकघरांत रोज उरतं, त्याकडे विद्यार्थ्यांची नजर बऱ्याच उशिरा वळली. वळली तरी ते दुसऱ्याला द्यायला संस्था कचरत. खाऊन कुणाला बाधलं तर खटला कोण लढवणार? अमेरिकेत १९९६ मध्ये तिथले खासदार बिल इमर्सन यांच्या नावाचा कायदा झाला. सद्भावनेनं अन्नदान करणाऱ्याला, घोर निष्काळजीपणा नसेल तर, त्यानं संरक्षण दिलं. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया इथे घातला गेला.

२००१ मध्ये सेंट लुईस विद्यापीठात विद्यार्थ्यांनी चालवलेलं पहिलं ‘कॅम्पस किचन’ सुरू झालं. भोजनगृहात उरलेल्या अन्नातून तिथे गरजूंसाठी जेवण तयार होऊ लागलं. २०११ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी उरलेलं अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवणारं ‘फूड रिकव्हरी नेटवर्क’ उभं केलं आणि ते देशभरातल्या इतर विद्यापीठांत पसरलं.

लांबून सोपं वाटणारं हे काम जवळून पाहिलं की त्यातली शिस्त कळते. गरम पदार्थ साधारण ६० अंश सेल्सिअसच्या खाली आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या वर फार वेळ राहता कामा नयेत, कारण मधल्या तापमानात जिवाणू झपाट्यानं वाढतात. म्हणून जेवणाची वेळ संपताच हातमोजे घातलेली मुलं थर्मामीटर घेऊन उभी असतात. अन्न उथळ डब्यांत भरायचं, झाकणावर पदार्थाचं नाव आणि तारीख लिहायची, वजन वहीत टिपायचं आणि लगेच गाडी सोडायची. एकट्यानं हे जमत नाही. परीक्षा आल्या तरी पाळ्या मोडून चालत नाहीत.

दरम्यान, २००७-०८ च्या सुमारास अनेक कॉलेजांनी भोजनगृहातले ट्रे काढून टाकले. हातात एकच ताटली राहिली की माणूस बेतानं घेतो आणि हवं तर पुन्हा उठून येतो. उष्टं घटलं आणि ट्रे धुण्याचं पाणीही वाचलं. प्रतिज्ञेपेक्षा हा उपाय मला कितीतरी शहाणपणाचा वाटतो.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी विक्री आणि ग्राहक या टप्प्यांवरची दरडोई नासाडी २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. त्यांच्याच २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. निम्म्यावर आणायचं म्हणजे आधी मोजणं आलं, आणि या कामात विद्यार्थ्यांच्या वजनकाट्याला मोल आहे. कोणत्या वारी कोणता पदार्थ उरतो हे वहीत दिसू लागलं की आचाऱ्याशी बोलता येतं, आणि जेवणाच्या शेवटच्या टप्प्यात आणखी एक भरलेलं पातेलं चढवण्याऐवजी लागेल तेवढंच करता येतं.