फळ्यावरचा टक्का आणि जनरल रजिस्टरातले रकाने

दहावीचा निकाल लागला की दुपारपर्यंत शाळेच्या फाटकाशी फळा लागतो. वर ‘हार्दिक अभिनंदन’, खाली पहिल्या पाच मुलांची नावं आणि मधोमध रंगीत खडूनं ठळक लिहिलेला आकडा: शाळेचा निकाल अमुक टक्के. जळगाव, धुळे, शहादा, साक्री, कुठंही जा, चित्र हेच. त्या एका आकड्यावर चहाच्या टपरीवर शाळांचे नंबर लागतात आणि जून उजाडायच्या आत पालक दाखले काढायला येतात. खानदेशातल्या एका मोठ्या माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षं गणित शिकवलं. तो आकडा कित्येकदा माझ्याच हातानं लिहिला. शाळेची पारख करायला तो पुरेसा नाही, हे मला तेव्हाही सांगायचं होतं आणि आता तर नक्कीच सांगायचं आहे.

आधी एक कल्पित हिशेब मांडू. दोन शाळा धरा, दोन्हींतून दहावीला ५०० मुलं बसली. पहिली तालुक्याच्या गावातली. तिथल्या ४०० मुलांच्या घरात आधी कुणीतरी दहावी झालेलं आहे, १०० मुलं घरातली पहिलीच शिकणारी. दुसरी शाळा सातपुड्याच्या पायथ्याची; तिथं हेच प्रमाण उलटं, १०० आणि ४००. शिकलेल्या घरातली मुलं पहिल्या शाळेत ९५ टक्के पास झाली, दुसरीत ९८ टक्के. पहिल्या पिढीची मुलं पहिल्या शाळेत ६० टक्के पास झाली, दुसरीत ७० टक्के. म्हणजे दोन्ही प्रकारच्या मुलांना पायथ्याच्या शाळेनं जास्त यश मिळवून दिलं. आता बेरीज करा. पहिल्या शाळेत ३८० अधिक ६०, म्हणजे ४४० पास. निकाल ८८ टक्के. दुसरीत ९८ अधिक २८०, म्हणजे ३७८, निकाल ७५.६ टक्के. फळ्यावर दुसरी शाळा जवळपास साडेबारा टक्क्यांनी मागं पडली!

यात कुणी लबाडी केलेली नाही. सरासरी काढताना ज्या गटात माणसं जास्त, त्याचं वजन जास्त पडतं, एवढंच. संख्याशास्त्रात याला ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणतात. एडवर्ड सिम्पसन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं १९५१ साली तो नीट मांडला. दवाखान्यांची तुलना करतानाही हाच घोटाळा होतो. अत्यवस्थ रुग्ण घेणाऱ्या दवाखान्यात मृत्यू जास्त दिसतात.

खानदेशात हे वजन किती असमान आहे ते जनगणनेत दिसतं. २०११ साली नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या सुमारे ६९ टक्के होती, जळगाव जिल्ह्यात सुमारे १४ टक्के. साक्षरता नंदुरबारला ६४ टक्क्यांच्या आसपास, जळगावला ७८, तर राज्याची ८२. दोन्ही जिल्हे दहावीसाठी एकाच नाशिक विभागीय मंडळात येतात, त्यामुळे निकालाच्या तक्त्यात एकाखाली एक छापले जातात. पण या आकड्यांवरून एखाद्या मुलाबद्दल काही ठरवायला गेलात तर तीही चूकच. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९५० साली दाखवून दिलं, की समूहाच्या सरासरीत दिसणारा संबंध एकेका माणसात तसाच असेल असं नाही, कधी तो चक्क उलटा असतो. ‘नंदुरबारकडचा आहे, गणित कच्चंच असणार’ असं शिक्षकांच्या खोलीत मी ऐकलेलं आहे. तो त्या पोरावर अन्याय होता आणि गणिताच्या दृष्टीनंही चूक होती.

आता छेदाकडे येतो. टक्क्यात अंश सगळ्यांना दिसतो, छेद कुणी विचारत नाही. समजा आठवीच्या कॅटलॉगवर २०० नावं होती, दहावीच्या परीक्षेला १५० बसली आणि १३८ पास झाली. फळ्यावर ९२ टक्के लागतात. आठवीतल्या २०० पैकी मोजलं तर ६९ टक्के. मधली पन्नास मुलं कुठं गेली? कुणी दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलं असेल. काही दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेली आणि परतली तेव्हा सहामाही होऊन गेली होती. काही मुलींची लग्नं झाली. आणि काहींना, हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं, ‘तू बाहेरून बस’ म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला जातो, शाळेचा टक्का उतरू नये म्हणून. ज्या शाळेनं कच्ची मुलं सांभाळली तिचा निकाल खाली येतो आणि जिनं बाहेर काढली तिचा वर जातो. हजेरीचे कॅटलॉग तीन वर्षांचे शेजारी शेजारी ठेवले तर हे शोधायला तासभर पुरतो.

शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद जनरल रजिस्टरात होते, त्यात मातृभाषेचा रकाना असतो. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं न विचारताच भरला जाई: मराठी, मराठी, मराठी, अधूनमधून उर्दू. त्याच वर्गात मधल्या सुट्टीत कान दिला तर ‘तुन्हं नाव काय शे?’ अशी अहिराणी ऐकू येई, मागच्या बाकावर पावरा आदिवासींची पावरी, खिडकीशी गुजरांची गुजरी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी त्यातच मोजतात) ही भाषा सांगणारे साडेअठरा लाखांवर आहेत आणि पावरी ज्यात येते त्या भिली गटातल्या भाषा सांगणारे देशभरात एक कोटीच्या वर. शाळेच्या कागदावर त्यांचा पत्ता नाही.

याचा गुणांशी संबंध काय, ते मला सातपुड्यातल्या धडगावकडून आलेल्या एका मुलीनं शिकवलं. गणित साधं होतं: आयताची लांबी व रुंदी अनुक्रमे १२ सेमी व ८ सेमी आहे, क्षेत्रफळ काढा. तिनं पान कोरं ठेवलं. जवळ जाऊन विचारलं तर हळूच म्हणाली, “सर, लांबी दिली, रुंदी दिली, पण अनुक्रमे किती ते दिलंच नाही.” अनुक्रमे हे तिसरं माप आहे असं ती समजली होती. मी वहीवर आयत काढून दोन बाजूंवर आकडे लिहिले, तिनं तोंडी ९६ सांगितले. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला. परक्या भाषेत गप्पा मारायला मूल साधारण दोन वर्षांत शिकतं. त्या भाषेतलं पुस्तक समवयस्कांच्या बरोबरीनं पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. मूल मराठी छान बोलतं म्हणून आपण फसतो.

मग शाळेच्या हातात काही आहे की नाही? १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या अहवालानं सुमारे ४,००० शाळांतल्या सहा लाखांवर मुलांची पाहणी करून सांगितलं, की गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला आहे. हे वाक्य आपल्याकडं फार लोकांनी उचललं. पण १९८३ साली हेनमन आणि लॉक्सली या संशोधकांनी २९ देशांची तुलना केली तेव्हा उलट चित्र दिसलं: देश जितका गरीब, तितका शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा. आपल्या भागाला हे जास्त लागू पडतं, असं माझं मत आहे. ज्या घरात शिकवणी लावायला पैसे नाहीत आणि पुस्तक उघडून सांगायला कुणी नाही, तिथं मुलाकडं शाळेशिवाय आहेच काय?

इंग्लंडमध्ये २०१६ साली माध्यमिक शाळांसाठी असं मोजमाप सुरू झालं, की प्राथमिक शाळा सोडताना ज्यांचे गुण सारखे होते त्या देशभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं पुढं किती गेली. पुसटसं असंच आम्हीही केलं. पाचवीला आणि आठवीला येणाऱ्या मुलांची जूनमध्येच एक साधी चाचणी घ्यायची, तो कागद जपून ठेवायचा आणि दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवून पाहायचा. अशी तुलना जमली त्या पहिल्याच वर्षी ‘ड’ तुकडी, जिला कुणी शिक्षक मनापासून मागून घेत नसे, सगळ्यात जास्त अंतर चाललेली निघाली. फळ्यावर तिचं एकही नाव नव्हतं.

त्या जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी मी आमच्या क्लार्कभाऊंच्या शेजारी बसलो. एक बाई मुलीला घेऊन आल्या. जन्मतारीख झाली, आधीची शाळा झाली. भाऊंनी सवयीनं ‘म’ लिहायला घेतला. मी मुलीला विचारलं, “घरी आईशी काय बोलतेस?” तिनं आईकडं पाहिलं, मग म्हणाली, “पावरी.” भाऊंनी ‘म’ खोडला.