माउंट अडला? आधी व्होल्टेज मोजा

आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला, म्हणजे अंशाचा २४०वा भाग सरकते. दुर्बीण ज्यावर बसवतात तो मोटारवर चालणारा माउंट तिला त्याच गतीने पश्चिमेकडे वळवत राहतो; हेच ट्रॅकिंग. या कामाला वीज थोडीच लागते. खरी कसोटी ‘गोटू’, म्हणजे निवडलेल्या ग्रह-ताऱ्याकडे दुर्बीण आपोआप वळवण्याचे बटण, दाबल्यावर. तेव्हा काही माउंट आकाशाच्या ८००पट वेगाने, सेकंदाला तीन अंशांहून जास्त फिरतात आणि दोन्ही मोटारी मिळून दोन-तीन अँपिअर खेचतात. म्हणूनच ट्रॅकिंग छान चालले असताना शनीकडे वळायला सांगितले, की हँड कंट्रोलरचा पडदा विझतो, पुन्हा उजळतो आणि केलेले अलाइनमेंट (ताऱ्यांवरून माउंटला करून दिलेली दिशांची ओळख) पुसले जाते. अशा वेळी आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळाला असे समजून माउंट उघडायला बसू नका. दोष बहुधा बाहेर असतो.

गणित करून पाहा. वायर ०.५ चौरस मिलिमीटरची, लांबी पाच मीटर. वीज जाते तशी परतही येते, म्हणजे तांबे दहा मीटर आणि रोध सुमारे ०.३४ ओहम. तीन अँपिअरला एक व्होल्ट वायरीतच जिरला. अर्धी उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी नुसती ठेवलेली असताना १२.२ व्होल्ट दाखवते, लोड आला की आणखी खाली येते. माउंटपाशी पोहोचतात जेमतेम ११, आणि अनेक माउंटची किमान मर्यादा तीच. त्यात प्लग सैल असला, की कंट्रोलर रीसेट झालाच.

त्यामुळे मल्टिमीटर नुसता बॅटरीला लावून समाधान मानू नये. व्होल्टेज मोजायचे ते माउंटच्या टोकाला, दोन्ही मोटारी भरधाव फिरत असताना. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर घट एक तृतीयांशावर येते. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. वायर ट्रायपॉडच्या पायाला बांधली, की दुर्बीण फिरताना प्लगला हिसकाही बसत नाही.

बोर्ड खरोखर जळतो तो बहुतेक आपल्याच हातून. वीज चालू असताना मोटारची केबल उपसली, की कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो, व्होल्टेज उसळते आणि मोटार चालवणारी ड्रायव्हर चिप जाते. कॉम्प्युटरला जोडताना ५ व्होल्टच्या पोर्टात आरएस-२३२ची (जास्त व्होल्टेजच्या सिरीयल जोडणीची) केबल गेली तरी बोर्ड जळू शकतो. प्लग हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून केबलींना नावाच्या चिठ्ठ्या लावाव्यातच.

कोकणात आणि मुंबईत दमट हवेने पिना हिरवट पडतात. दवाने भिजलेला माउंट तसाच पेटीत बंद करू नये. आधी कोरडा होऊ द्यावा, पेटीत सिलिका जेल ठेवावे, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात.

एवढे करूनही एकच अक्ष अडत असेल, तर आधी दुर्बिणीचा तोल तपासा, कारण एका बाजूला जड झालेली नळी मोटारीला दमवते. तोल नीट असेल आणि दोन्ही मोटारी एकसारख्या असतील, तर वीज बंद करून बोर्डावरच्या त्यांच्या केबली अदलाबदल करून पाहा. तीच मोटार अडली तर दोष मोटारीत किंवा तिच्या केबलीत. दुसरी अडू लागली तर बोर्डात, आणि मग तो दुरुस्तीला द्यायलाच हवा.