दख्खनच्या कातळातील तांबडी रेघ

सह्याद्रीच्या अनेक घाटांत रस्त्यासाठी तासलेल्या कड्याकडे नीट पाहिले, तर काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीची पट्टी दिसते. ती नखाने खरवडता येण्याइतकी मऊ असते आणि पावसाळा सरल्यावरही तिच्या वरच्या कडेने पाणी पाझरत राहते. दख्खनच्या ज्वालामुखीविषयी बोलताना सारे लक्ष काळ्या कातळाकडे जाते. काळाचा हिशेब लावताना मात्र ही मातीच उपयोगी पडली.

येथे शंकूच्या आकाराचा एखादाच ज्वालामुखी पर्वत शोधू नये. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्रोतावरून भारतीय भूखंड सरकत असताना, जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचत गेले. धुळे-नंदुरबारकडे माळावर भिंतींसारख्या उभ्या दिसणाऱ्या कातळाच्या रांगा म्हणजे भेगांतच गोठलेला शिलारस होय. कालौघात बरेच झिजूनही हा खडक आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याच्या थरसमूहांना नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावे आहेत. ही यादी भटक्यांना एखाद्या मोहिमेचा मार्गच वाटावी.

दोन उद्रेकांच्या मधल्या उसंतीत खडक कुजून ही तांबडी माती होई, तळी साचत, जीवसृष्टी परते. नागपूरजवळच्या टाकळी येथे अशाच थरांतील जीवाश्म मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात गोळा केले होते.

हे सारे किती काळ चालले, याचे उत्तर दीर्घकाळ हाती लागले नाही. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकातील पोटॅशियमपासून काळाच्या ओघात तयार झालेला आर्गॉन वायू मोजून, काढलेली वये विखुरलेली येत, कारण कुजलेल्या खडकातून आर्गॉन निसटतो. १९८० च्या दशकात खडकांत टिकून राहिलेल्या चुंबकीय दिशेच्या अभ्यासातून हा कालखंड पूर्वी मानला जाई त्यापेक्षा बराच आखूड असल्याचे दिसले. अचूक कालमापनाला उपयोगी असणारे झिरकॉन या खनिजाचे स्फटिक बेसॉल्टमध्ये, म्हणजे या काळ्या कातळात, क्वचितच आढळतात. ते सापडले तांबड्या मातीत, बहुधा उद्रेकांच्या राखेतून तेथे पडलेले. त्यांवरून बहुतांश लाव्हा जेमतेम १० लाख वर्षांत ओतला गेला, असे ठरले.

डायनोसॉरांच्या विनाशापूर्वी त्यातला किती आणि नंतर किती, यावर मात्र एकमत नाही. झिरकॉन मोजणारा एक आणि बेसॉल्टमधील आर्गॉन मोजणारा दुसरा, अशा दोन गटांनी २०१९ मध्ये एकाच वेळी निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि नेमक्या याच प्रश्नावर ते जुळले नाहीत.