सहकुटुंब चित्रपट (कोकण)

‘सहकुटुंब, सहपरिवार पाहावा असा’ ही मराठी चित्रपटांच्या जाहिरातींतली जुनी ओळ. थोड्या पैशांत काढलेले, माणसाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवणारे चित्रपट त्या ओळीत बसतात. असे चित्रपट आणि ते घरच्यांनी, वाडीतल्यांनी एकत्र बसून पाहण्याची रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची रीत, या दोन्हींविषयी ही नोंद आहे. मालवणी मुलखात निवडीआधी एकच प्रश्न विचारला जातो: “पोरांवांगडा बघूक जमात मां?” (पोरांसोबत पाहता येईल ना?) परीक्षक मात्र आजी. ती जपाची माळ घेऊन मध्येच आत निघून गेली की निवड चुकली असे समजावे.

एकत्र बसून रात्र जागवायची सवय कोकणाला सिनेमाने लावली नाही. जत्रेतला दशावतार, शिमग्यातले नमन, गणपतीतली जाखडी हे लोकनाट्याचे आणि नाचाचे प्रकार त्याआधीचे. दशावताराची गोष्ट प्रेक्षकाला पाठ असते, दुष्टाचा शेवट ठाऊक असतो, तरी पहाटेपर्यंत माणसे हलत नाहीत. मुले मांडीवरच झोपतात. शेवट ठाऊक असलेला, सुष्टाचा जय करणारा साधा चित्रपट या प्रेक्षकाला कधी मिळमिळीत वाटला नाही, याचे मूळ इथे आहे.

चित्रपटगृहे तालुक्याच्या गावी, तीही मोजकी. संध्याकाळचा खेळ पाहावा तर तो सुटण्याआधीच वस्तीची एसटी गावाकडे निघून गेलेली. त्यामुळे सिनेमालाच गावात यावे लागले. आधी सरकारी प्रसिद्धी खात्याच्या गाडीतून, मग १९८०च्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर. गणपतीला चाकरमानी आले की वर्गणी निघे आणि तालुक्याहून टीव्ही, व्हीसीआर आणि रात्रभर पुरतील एवढ्या कॅसेटी भाड्याने येत. भजन आणि काळ्या वाटाण्याची उसळ आटोपली की पडवीत चटया पडत. बुजुर्ग बाकड्यावर, बायका माजघराच्या दाराशी, पोरे टीव्हीला नाक लावून. पडद्यावर मुंग्या आल्या की व्हीसीआरचे हेड साफ करणारा एक जाणकार प्रत्येक वाडीत असायचा. त्या रात्रीपुरता त्याचा मान भजनीबुवांच्या खालोखाल.

मे महिन्यात हाच कार्यक्रम खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात होतो. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत तांबडी आणि खडबडीत, तिच्यावर प्रोजेक्टरचे चित्र उमटत नाही. म्हणून मांडवाच्या दोन खांबांना पांढरी चादर किंवा आजोबांचे धोतर बांधतात. वारा सुटला की नायिकेचे तोंड फुगते. उजेडाला पाखरे येतात आणि त्यांच्या सावल्या चित्रावर घारीएवढ्या दिसतात.

कोकणाचा या चित्रपटांशी दुसरा संबंध कथेचा. साने गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यातल्या पालगडचा (१८९९). त्यांच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर हा मान मराठीकडे परतायला पन्नास वर्षे लागली. तो मिळवणाऱ्या संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्येही (२००४) कोकणातलेच आजोबा आहेत. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात, डोळे आहेत तोवर जग दाखवायला. हा चित्रपट ऑस्करसाठी भारतातर्फे गेला तेव्हा प्रचाराच्या खर्चाला लोकांनी वर्गणी काढली. वाडीच्या व्हिडिओपासून ऑस्करपर्यंत वर्गणीच धावून आली, असे गमतीने म्हणता येईल. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये (२०१५) वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला मुलगा आहे. सायकली, खेकडे, पावसातला किल्ला आणि नवे मित्र, एवढीच त्याची सामग्री. २०१४च्या बर्लिन महोत्सवात बालपरीक्षकांनी त्याला स्फटिक अस्वल (क्रिस्टल बेअर) हा पुरस्कार दिला.

अशा कथांना कमी खर्च मानवतो. एक कौलारू घर, आई आणि मूल किंवा आजा आणि नातू, बाकी समुद्र. पाऊस फुकट मिळतो हे मात्र कोकणात कधी चित्रीकरण न केलेल्या माणसाचे मत. कॅमेरा झाकून चार-चार दिवस बसून राहण्याचे पैसे लागतातच.

संदेशाबाबत हा प्रेक्षक वाटतो तितका भोळा नाही. श्याम आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून हटून बसतो. आई दगडावर पदर पसरते, त्याने त्यावर पाय ठेवावेत म्हणून. आणि मग पायांसारखेच मनाला जप, एवढेच सांगते. आधी ओला पदर, मग वाक्य. हा क्रम उलटला की गोष्ट प्रवचन होते. शेवटच्या दहा मिनिटांत नायक हात जोडून गावाला उपदेश करू लागला की खळ्यात चटया गुंडाळायला सुरुवात होते. कमी पैशांचे बरेच चित्रपट इथेच पडतात. पैशांची अडचण प्रेक्षक समजून घेतो, लांबलेले भाषण नाही.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, तरी सणाला एक पेनड्राइव्ह वाडीभर फिरतोच. चित्रपट बहुधा पाहिलेलाच असतो आणि संवाद पोरे आधीच म्हणून टाकतात. मध्येच लाइट गेली तर ज्याने तो जास्त वेळा पाहिला असेल तो काळोखात पुढची गोष्ट सांगू लागतो. बाकीचे त्याला दुरुस्त करत राहतात. लाइट परत आली की चित्रपट मागे नेऊन, गेली होती तिथूनच लावायचा. सांगणाऱ्याचे तेव्हा कोणी ऐकत नाही.