बाटलीतले बुडबुडे कुठे जातात?

भाचीची प्रसूती रजा संपायला तीन आठवडे उरले होते, तेव्हाची ही गोष्ट. २०१७ च्या कायदादुरुस्तीने संघटित क्षेत्रातील स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, पण त्यातले काही आठवडे प्रसूतीपूर्वीच खर्च होतात. त्यामुळे आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ जेमतेम पाच महिन्यांचे असते आणि पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पाळायचा, तर दिवसा काढून ठेवलेले दूध कोणीतरी पाजावे लागते. तोवर अंगावर पिणाऱ्या त्या बाळाने बाटली पाहिलेलीही नव्हती. भाचीने एक बाटली आणली, स्वतःचे दूध काढून तीत भरले आणि माझी थोरली बहीण नातवाला मांडीवर घेऊन पाजायला बसली. चार घोट झाले असतील नसतील, तोच बाटलीत भराभर बुडबुडे वर चढू लागले आणि ताईने बाटली झटकन काढून घेतली. “अगं, सगळा वारा पोटात जातोय त्याच्या! बदलून आण ही बाटली.”

बाटली बदलायला हवी होती की नाही, हा प्रश्न पुढचा; परंतु ताईने काढलेला निष्कर्ष मात्र नेमका उलटा होता. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेल्यामुळे मला तिथे गप्प बसवले नाही. बुडबुडा बाटलीत दिसतो, याचा अर्थ ती हवा बाटलीत आहे, बाळाच्या पोटात नाही. बाळाने जेवढे दूध ओढून घेतले, तेवढीच रिकामी जागा भरून काढण्यासाठी बाहेरची हवा बाटलीत शिरली, आणि दुधापेक्षा हलकी असल्यामुळे वर गेली. खरी अडचण बुडबुडे येण्यात नसून ते न येण्यात आहे, आणि हे पटवून देण्यासाठी शाळेत शिकलेला बॉईलचा नियम पुरेसा आहे.

तापमान बदलले नाही तर कोंडलेल्या हवेचा दाब आणि तिचे आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो, असे हा नियम सांगतो. आता अडीचशे मिलीलीटरची एक बाटली घ्या, तीत दीडशे मिलीलीटर दूध भरा. वर शंभर मिलीलीटर हवा उरली. तिचा दाब बाहेरच्या हवेइतकाच, म्हणजे समुद्रसपाटीला पाऱ्याच्या ७६० मिलीमीटरइतका असतो (रक्तदाब ज्या एककात सांगतात तेच हे एकक, पुण्यात हा आकडा थोडा कमी भरेल, पण हिशेबासाठी ७६० धरू). बाटलीचे झाकण घट्ट आहे आणि हवा आत यायला कोठेही वाट नाही असे समजा. बाळाने वीस मिलीलीटर दूध प्यायले की आतल्या शंभर मिलीलीटर हवेला एकशेवीस मिलीलीटर जागा व्यापावी लागते आणि तिचा दाब ६३३ वर उतरतो, म्हणजे बाहेरच्यापेक्षा १२७ ने कमी होतो. आता बाटलीच दूध आत खेचून धरते आहे, आणि बाळाला तिच्याविरुद्ध ओढायचे आहे.

बाळ किती जोराने ओढू शकते, हे मोजलेले आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डोना गेडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनपान करणाऱ्या बाळांच्या तोंडातील निर्वात आणि जिभेची हालचाल एकाच वेळी नोंदवली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जीभ सर्वांत खाली जाते त्या क्षणी तोंडातील दाब बाहेरच्यापेक्षा सरासरी सुमारे १४५ ने कमी भरला. एवढ्याशा जिवाने वातावरणाच्या दाबाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तोंडात उणा करावा, हे मला आजही अचंबित करते. हा आकडा वरच्या हिशेबात घातला, तर सुमारे चोवीस मिलीलीटर दूध गेल्यावर बाळ आणि बाटली यांची ओढ बरोबरीत येते आणि दूध थांबते. लहान बाटली काठोकाठ भरून वर केवळ वीस मिलीलीटर हवा ठेवली असेल, तर चार-पाच मिलीलीटरांतच ही अवस्था येते. म्हणजे बंद बाटली जितकी जास्त भरावी, तितकी ती लवकर अडते. प्रत्यक्षात रबरी निपल आत ओढले जाऊन चपटे होते आणि त्यामुळे आकडे थोडे पुढे सरकतात, पण गोष्ट तीच राहते. चपटे झालेले निपल बाळ वैतागून सोडते, हवा एकदम आत घुसते, भसकन बुडबुडे येतात, बाळ पुन्हा तोंड लावते. या धरसोडीत ओठांची पकड दर वेळी सुटते, आणि पोटात जाणारी हवा बहुतांशी याच फटीतून जाते.

हे घरीच पाहता येते. मी त्याच बाटलीत पाणी भरून झाकण घट्ट फिरवले, निपलाच्या बुडाशी असलेले हवेचे बारीक छिद्र बोटाने दाबून धरले आणि बाटली उलटी केली. थोडे थेंब पडले, मग थेंब रेंगाळू लागले आणि अखेर शेवटचा थेंब निपलाच्या टोकाशी लोंबकळत राहिला. बोट काढताच आत एक बुडबुडा सुटला आणि थेंब पुन्हा सुरू झाले. जुन्या बायका “झाकण थोडं सैल कर, म्हणजे दूध येईल” असे सांगत, त्यामागे हेच कारण होते.

स्तनाला मात्र असे छिद्र लागत नाही, कारण स्तन ही ताठ भिंतींची बाटली नव्हे. तिथे दूध बाहेर येते तशी आतली जागाही आकसते. शिवाय आई नुसती वाट पाहत नसते, तीही दूध ढकलते. बाळाच्या ओढण्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटते, दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि दूध नलिकांत उतरते. याला आपल्या भाषेत ‘पान्हा फुटणे’ हा जुना आणि नेमका शब्द आहे. धार काढण्याआधी वासरू लावून गाय पान्हवणाऱ्या शेतकऱ्याला ऑक्सिटोसिनचे नाव ठाऊक नसेल, पण पान्ह्यावाचून दूध उतरत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते.

गाईची धार मुठीने पिळून काढतात, म्हणून बाळही जिभेने स्तन पिळूनच दूध काढते, अशी समजूत तज्ज्ञांमध्येही दीर्घकाळ होती. ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८४० साली प्रसिद्ध केलेल्या चित्रांचा आधार घेऊन पाठ्यपुस्तके स्तनाग्राच्या मागे दुधाचे छोटे साठे दाखवत आली, आणि साठे आहेत म्हटल्यावर ते पिळणे ओघानेच आले. पर्थच्याच गटाने २००५ साली दूध देणाऱ्या स्तनांची अल्ट्रासाउंडने पाहणी केली, तेव्हा असे साठे आढळले नाहीत. जीभ खाली जाते, निर्वात वाढतो आणि त्याच क्षणी दूध येते, असे पुढच्या अभ्यासात दिसले. जिभेच्या लाटेसारख्या हालचालीला किती श्रेय द्यावे यावर मतभेद आहेत, परंतु ओढ ही मुख्य शक्ती आहे हे आता बहुतेक मान्य झाले आहे.

बाटली निवडताना या सगळ्याचा संबंध येतो तो वेगाशी. अंगावर पिणारे बाळ आरंभी सेकंदाला साधारण दोन वेळा झरझर चोखते, त्या वेळी दूध जवळजवळ नसतेच. पान्हा फुटला की ही लय सेकंदाला एकवर येते आणि चोखणे, गिळणे, श्वास घेणे यांची साखळी सुरू होते. मग धार मंदावते, पुन्हा पान्हा येतो. बाटलीत वाट पाहणे नाही, चढउतार नाहीत. छिद्र मोठे असेल तर पहिल्याच क्षणी तोंड भरते, आणि गिळण्याच्या घाईत श्वास मागे पडतो. ओठांच्या कडेने ओघळणारे दूध, ताणलेल्या भुवया आणि पसरलेली बोटे ही तक्रार त्याचीच असते. काही दिवस असे सोपे दूध मिळाले की स्तनावर पान्ह्याची वाट पाहणे बाळाला नकोसे होऊ शकते. याला ‘निपल कन्फ्युजन’ म्हणतात. पण बाळाचा यात गोंधळ कमी आणि हिशेब अधिक असावा, असे माझे मत आहे.

छिद्राचा व्यास दुप्पट केला तर त्याचे क्षेत्रफळ चौपट होते आणि पातळ पडद्यातील छिद्रातून प्रवाहही साधारण तेवढाच वाढतो. छिद्र नळीसारखे लांब असेल तर घर्षण नियम हाती घेते आणि तीच वाढ सोळापटीकडे झुकते. निपलाची जाडी, रबराची लवचीकता आणि वर असलेल्या दुधाच्या स्तंभाचा दाब यांची त्यात भर पडते. म्हणून वेष्टनावरच्या ‘स्लो’, ‘स्टेज वन’, ‘० ते ३ महिने’ या शब्दांना समान असे कोणतेच माप नाही. अमेरिकेतील संशोधिका ब्रिट पॅडोस यांनी बाजारातील अनेक निपल यंत्रावर तपासली, तेव्हा प्रवाह मिनिटाला दोनेक मिलीलीटरपासून ऐंशीहून अधिक मिलीलीटरपर्यंत पसरलेला दिसला, आणि नावावरून वेगाचा भरवसा देता येत नाही हे स्पष्ट झाले. तेव्हा सर्वांत मंद निपलापासून आरंभ करावा, आणि बाळ कुरकुरत नसेल तर केवळ वय वाढले म्हणून पुढच्या ‘स्टेज’कडे जाऊ नये. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आईचा स्तन महिन्यागणिक निपल बदलत नाही.

‘हुबेहूब आईसारखे’ या दाव्याविषयी एवढेच सांगते की, बाळाच्या तोंडात स्तनाग्र ताणून जवळजवळ दुप्पट लांब होते, असे १९८८ मधील अल्ट्रासाउंडच्या अभ्यासातच दिसले होते. दुकानातले सिलिकॉन तसे करत नाही, मग त्याचा घुमट कितीही मोठा आणि मऊ असो. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने, २००३ मध्ये तो आणखी कडक करून, दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवरच बंदी घातली आहे. तरीही विक्रीच्या पानांवर वस्तूच्या नावातच ‘अँटी-कॉलिक’ (म्हणजे बाळाचे न थांबणारे रडे टाळणारी) आणि ‘नॅचरल’ कोंबलेले असते. हवेचे छिद्र उपयोगी आहे, ते का हे वर आलेच. पण संध्याकाळी तासन्‌तास रडणाऱ्या बाळाचे रडे एखाद्या बाटलीने थांबेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही. हे रडे सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुधा आपोआप ओसरते. म्हणूनच त्या काळात काढलेली दृष्ट, उतरवलेल्या मीठ-मोहऱ्या आणि दीड हजारांची बाटली या तिन्हींना सारखेच यश येते.

बाटली कशाची आहे, ही काळजी त्यामानाने लवकर मिटते. बिस्फेनॉल-ए हे घातक मानले जाणारे रसायन असलेले पॉलिकार्बोनेट प्लास्टिक भारतीय मानकाने २०१५ साली बाद केले, त्यामुळे मानक चिन्ह पाहून घ्यावे. आजच्या बहुतेक बाटल्या पॉलिप्रोपिलीनच्या असतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले की, अशी बाटली प्लास्टिकचे सूक्ष्म कण सोडते आणि पाणी जितके गरम, तितके ते अधिक सोडते. पावडरचे दूध करताना बाटलीत कढत पाणी पडते. आईचे दूध मात्र कोमट पाण्याच्या वाटीत बाटली धरूनच गरम करायचे असल्यामुळे तो धोका येथे बराच कमी आहे. उकळून काढलेली बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने किमान तीनदा विसळली की पुरे. काच किंवा स्टील परवडत असेल आणि हातातून निसटण्याची भीती नसेल, तर प्रश्नच मिटला.

स्वच्छतेवर मात्र मी अडून बसेन. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीची बाटली लोकप्रिय होती; बाळ पाळण्यात पडल्या पडल्या एकटेच पीत असे. त्या नळीच्या आत ब्रश पोहोचत नसे, दूध सडत असे आणि त्या बाटल्यांना ‘खुनी बाटल्या’ असे नाव पडले. आजच्या काही महागड्या बाटल्यांत हवेसाठी आत चार-पाच सुटे भाग आणि बारीक नळ्या असतात. रात्री दमून आलेली आई त्या प्रत्येक नळीतून ब्रश फिरवणार असेल तर त्या उत्तम. नसेल तर रुंद तोंडाची, निपलाच्या बुडालाच हवेचे छिद्र असलेली साधी बाटली बरी. याहून स्वच्छ आपले जुने बोंडले. त्याला ना मान, ना निपल, ना सांदीकोपरा. नवजात अर्भकांच्या विभागांत आजही अशाच चोचीच्या भांड्याने किंवा वाटी-चमच्याने काढलेले दूध पाजतात, आणि बाळ पाळणाघरात जाणार नसेल, घरी आजीच असेल, तर बाटलीचा विचारही करण्यापूर्वी ते वापरून पाहावे.

आमच्या घरी तेही पाहिले. ताईचा हात कापतो, दूध गळ्यापर्यंत ओघळते, म्हणून बाटलीच राहिली. निपल तेवढे सर्वांत मंद असे बदलून आणले. बाळाला आडवे न ठेवता बसते धरायचे आणि बाटली जवळजवळ आडवी ठेवायची, कारण उभ्या बाटलीत दहा सेंटिमीटर दुधाचा स्तंभ असेल तर त्याचा पाऱ्याच्या सात मिलीमीटरांहून थोडा अधिक दाब बाळाने न ओढताच दूध ढकलत राहतो. निपलाचे टोक दुधाने भरलेले असावे, मिनिटाभराने बाटली खाली कलवून बाळाला श्वास घेऊ द्यावा आणि त्याने तोंड फिरवले की उरलेल्या दुधाचा मोह सोडावा. पहिल्या दिवशी भाची शेजारच्या खोलीत गेली, कारण आईचा वास येत असताना बाटली कशाला घ्यायची, असा त्याचा रास्त पवित्रा होता. पंधरा-वीस मिनिटांत बाळाने साठेक मिलीलीटर दूध घेतले आणि झोपी गेले.

ताई अजूनही बाटलीतल्या बुडबुड्यांकडेच डोळे लावून बसते. परवा मला तिने आतून हाक मारली, “अगं, बुडबुडे येत नाहीयेत, छिद्र बुजलं का बघ.” बघितले, तर खरेच साय अडकली होती.