जाळीच्या कुंपणातले परकीय मासे

एखाद्या पाणथळीचे पाणी गढूळ झाले, तळाच्या वनस्पती नाहीशा झाल्या आणि त्याच सुमारास तेथे परकीय मासे वाढले, तर दोष माशांवर येतो. पण बिघडलेल्या पाण्यातही तगणारे मासेच तेथे टिकले असतील, तर आपण परिणामालाच कारण समजत असू. हा गुंता नुसत्या निरीक्षणाने सुटत नाही. म्हणून संशोधक पाणथळीतच जाळीची कुंपणे उभारून काहींत ठरावीक संख्येने मासे सोडतात आणि काही मुद्दाम माशांविना ठेवतात.

कॉमन कार्प, म्हणजे मत्स्यशेतकऱ्यांचा सायप्रिनस, अशा प्रयोगांत वारंवार वापरला गेला आहे. तळातल्या अळ्या शोधताना तो गाळ तोंडात ओढतो आणि खाण्याजोगे तेवढे ठेवून उरलेला बाहेर टाकतो. त्यात कोवळी रोपे उपटली जातात, तळाशी प्रकाश पोहोचत नाही आणि गाळातला फॉस्फरस पाण्यात मिसळून शेवाळाला खत मिळते. वनस्पतींची मुळे गेली की मोकळा झालेला गाळ पुढे नुसत्या वाऱ्यानेही ढवळला जातो.

गॅम्बुशियाचा मार्ग वेगळा आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी जगभर सोडलेला हा चिमुकला मासा संशोधक स्टुअर्ट हर्लबर्ट आणि सहकाऱ्यांनी उथळ कृत्रिम तळ्यांत ठेवला. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कीटक आणि प्राणिप्लवक (सूक्ष्म शैवाल खाणारे पाण्यातले बारीक जीव) घटले, तर सूक्ष्म शैवाल भरमसाट वाढले. गाळ न ढवळताही पाणी धूसर झाले.

मला मात्र या कुंपणांच्या मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या वाटतात. आतला मासा अन्न संपले तरी दुसरीकडे जाऊ शकत नाही, बगळ्यांसारख्या शिकारी पक्ष्यांची वर्दळ कमी होऊ शकते, आणि जाळीवर शेवाळ चढले की पाण्याची ये-जाही मंदावते. म्हणूनच माशांविना ठेवलेल्या कुंपणांबरोबर बाहेरच्या मोकळ्या पाण्याचीही मोजमापे घ्यावी लागतात. माशांची घनताही निसर्गातल्याइतकीच ठेवणे भाग असते, नाहीतर हानी फुगून दिसते.

कॅनडातील हॅमिल्टनजवळच्या कूट्स पॅराडाइज पाणथळीच्या तोंडाशी १९९७ पासून मोठ्या कार्पना अडवून इतर माशांना जाऊ देणारा मत्स्यमार्ग चालवला जात आहे. त्यानंतर काही भागांत वनस्पती परतल्या. परंतु सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्ये चालूच राहिल्याने कार्प कमी होऊनही पाणी सर्वत्र नितळ झाले नाही.