एकाही यादीत नसलेली माणसं

पेरूत 1980 ते 2000 या काळात 'शायनिंग पाथ' हे माओवादी बंडखोर आणि सरकारी फौजा यांच्यामध्ये डोंगरातली गावं भरडली गेली. 2001 मध्ये सत्यशोधन आयोग नेमला गेला. त्याने सुमारे 17 हजार साक्षी नोंदवल्या, पण नावानिशी मृत सापडले ते जेमतेम 24 हजार. बाकीच्यांची नोंद ठेवायला कोणी उरलंच नव्हतं.

मग न नोंदलेल्यांचा आकडा काढायला संख्याशास्त्रज्ञ पॅट्रिक बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्यातले मासे मोजायची जुनी रीत वापरली: काही मासे खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि त्यात खुणेचे किती येतात ते पाहायचं. इथे जाळ्यांच्या जागी याद्या. समजा, एका संस्थेच्या यादीत 100 मृत आहेत, दुसरीच्या यादीत 80, आणि 20 नावं दोन्हींत आहेत. दुसऱ्या यादीतला दर चौथा माणूस पहिलीत सापडतो, म्हणजे पहिली यादी एकूण मृतांच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच पोचली. एकूण मृत 400. दोन्ही याद्या मिळून माणसं 160च, उरलेली 240 कुठेच नाहीत.

हिशेब सोपा, जुळवणी महाकठीण. एकाने 'हुआमान' लिहिलं, दुसऱ्याने 'गुआमान'. गाव तेच, तारीख दोन दिवस मागेपुढे. माणूस एकच की दोन? एक जुळणी हुकली की सामाईक नावं घटतात आणि एकूण आकडा फुगतो. उलट, तेच कुटुंब दोन्ही संस्थांकडे गेलं असेल तर आकडा कमी निघतो. म्हणून दोनवर न थांबता जास्त याद्या घेतल्या आणि प्रदेशवार वेगळा हिशेब केला.

2003 च्या अहवालात अंदाज आला 69,280. 61,007 ते 77,552 या पट्ट्यात. चारपैकी तीन मृतांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी देशी भाषा होती. राजधानी लिमाच्या बातम्यांपर्यंत हे मरण का पोचलं नाही, ते इथे कळतं.

वाद मिटलेला नाही. बंडखोरांनी मारलेल्यांची नावं आयोगाखेरीज इतर याद्यांत फारच थोडी होती, त्यामुळे तो भाग आडवळणाने काढावा लागला. 2019 मध्ये अर्थतज्ज्ञ सिल्वियो रेंडॉन यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यांचा अंदाज सुमारे 48 हजार, आणि त्यात सरकारी फौजांचा वाटा बंडखोरांपेक्षा मोठा. बॉल आणि संख्याशास्त्रज्ञ दानिएल मान्रिके-वाय्ये यांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं. मला या भांडणाचं मोल वाटतं, कारण दोन्ही बाजू त्या न लिहिलेल्या माणसांसाठीच भांडताहेत.